आबांचं देणं

दुधासाठी ठेवलेल्या गाईची कास दिवसातून दोनदा माणसाच्या हाताखाली जाते. एखादा सड गरम लागला, धार फाटकी आली, तर सकाळी नाही तरी संध्याकाळी कळतंच. पण चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत अजूनही अशा गाई आहेत, ज्यांची धार कोणी नेमाने काढत नाही. तांबूस अंगावर पांढरे डाग असलेली निमाडी, खिल्लार, नाहीतर दोहोंची सरमिसळ झालेली गावठी गाय. ती ठेवायची गोऱ्ह्यांसाठी. गोऱ्हा तिच्या अंगावर पिऊन मोठा होतो, मग घरच्या औताला लागतो किंवा सावद्याच्या, वरखेडीच्या बैलबाजारात जातो. चहापुरतं दूध निघालं तर निघालं. अशा गाईच्या कासेत काय चाललं आहे, हे फक्त तिच्या वासराला ठाऊक असतं.

हे मला शिकवलं आमच्या गावच्या गुराख्याने. मी त्यांना आबा म्हणायचो, सगळं गावच म्हणायचं. ते पावरा समाजाचे. वरच्या पाड्यावरून पहाटे खाली यायचे, गावाबाहेरच्या चिंचेखाली ढोरं गोळा व्हायची, ती घेऊन अनेर नदीच्या अंगाने डोंगराकडे निघायचे. घरी पावरी बोलत, आमच्याशी अहिराणी. ढोरामागे वर्षाचं ठरलेलं धान्य, पोळ्याला पुरणपोळी, आखाजीला धोतर, एवढी त्यांची मिळकत. शाळेत ते कधी गेले नव्हते. मी पुढे पशुसंवर्धनाची पदविका घेतली आणि निवृत्तीपर्यंत जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून राहिलो. लोक मला ‘कासेचा डाक्टर’ म्हणत. मी डॉक्टर नव्हे, आणि कासेचं जे काही मला येत होतं तेही मुळात माझं नव्हे. ते कोणाचं होतं, हे कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे एक निमाडी गाय होती, गोऱ्हा व्यालेली. एका संध्याकाळी ढोरं परतली तेव्हा आबा दारात थांबले आणि वडिलांना म्हणाले, “हाई गायना मागला सड दुखी ऱ्हायना, देखी ल्या.” वडिलांनी गाईकडे पाहिलं. ती दादर ज्वारीचा कडबा खात होती, रवंथ करत होती. वडील म्हणाले, बघू उद्या. उद्याचं परवा झालं. कास हाताला दगडासारखी लागायला लागली तेव्हा घरात धावाधाव सुरू झाली. कासदाहाला आमच्याकडे ‘दगडी’ म्हणतात ते काय, हे त्या दिवशी मी हाताने पाहिलं. त्या सडातून धार येईना. कोणीतरी म्हणालं, सड बुजला आहे, काडी घाला. केरसुणीची काडी घातली गेली. गाईचं शेपूट धरून उभा राहण्याचं काम माझ्याकडे होतं.

ती काडी घालायला नको होती, हे मला पुढे कित्येक वर्षांनी पुस्तकात वाचून कळलं. सडाचं तोंड आवळून धरणारा बारीक स्नायू असतो, आतल्या नळीला मेणचट अस्तर असतं, आणि बाहेरचे जंतू आत न जाण्याची सगळी व्यवस्था एवढीच असते. काडीने ती मोडते. त्या गाईचा तो सड कायमचा आंधळा झाला. ती त्यानंतरही व्याली, पण तीन सडांवर वासरं पाजली.

आबांनी मात्र ते गावाबाहेर, लांबून, कासेला हात न लावता ओळखलं होतं. मी त्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, “कास नको देखू, वासरू देख.”

मग सुट्टीत मी त्यांच्या मागे हिंडायला लागलो. घरी ओरडा बसायचा, कारण गुराख्यामागे फिरणारं पोर वाया जातं अशी समजूत होती. आबा फार बोलत नसत. दुपारी ढोरं सावलीला बसली, वासरं प्यायला लागली, की ते एका उंचवट्यावर बसून बघत राहायचे आणि मधूनच एखादी गोष्ट दाखवायचे. पोट भरणारं वासरू चारही सड फिरतं, त्याच्या तोंडाला पांढरा फेस येतो, शेपूट हलतं, आणि मग ते बाजूला जाऊन पडतं. ज्याला दूध मिळत नाही ते पुन्हा पुन्हा ढुशा मारतं, एक सड सोडून दुसरा धरतं, आणि शेवटी दुसऱ्याच गाईखाली चोरून तोंड घालतं. एखाद्या सडाला वासराने तोंड लावलं की गाय पाय उचलत असेल तर तो सड दुखतो आहे. आमच्या गाईचं हेच झालं होतं. मागच्या दोन सडांत दूध जास्त असतं, कासेतलं साठ टक्क्यांच्या आसपास मागच्या बाजूलाच. म्हणून वासरू मागे जायचं टाळू लागलं, की आबांना संशय यायचा.

सडाचा रंग बघायलाही त्यांनीच शिकवलं. प्यायलेला सड स्वच्छ, ओलसर, चकचकीत असतो. वासराने सोडलेला सड धुळीने माखलेला, ताठ आणि कोरडा दिसतो. हे लांबूनही दिसतं. गाय मागचे पाय फाकवून चालते, कळपाच्या मागे राहते, बसताना नेहमी एकाच कुशीवर बसते, ही सगळी कासेच्याच दुखण्याची खूण असू शकते. गाय खात नाही, अंगात ताप आहे, हे लोकांना कळतं. पण तोवर दोन-चार दिवस गेलेले असतात.

खानदेशात आणखी एक गोष्ट असते, जी पुस्तकात मला कधी सापडली नाही. कपाशीची शेवटची वेचणी झाली की शेतं ढोरांना मोकळी होतात. पाला, उरलीसुरली बोंडं ढोरं आवडीने खातात. पण मोडक्या पऱ्हाट्यांची टोकं कडक आणि तिरकी असतात, आणि ताज्या व्यालेल्या गाईची भरलेली कास खाली लोंबत असते. पऱ्हाटीचा एक ओरखडा सडाला पुरतो. त्यावर माशी बसते, मग ती जखम चिघळते, आणि गाय वासराला झिडकारते. आबा ताज्या व्यालेल्या गाईंना पऱ्हाट्यांत नेत नसत. शेतमालक म्हणायचे, आणा की, आमच्या शेतात शेण पडेल. आबा मान हलवून दुसऱ्या वाटेने निघायचे. वासरांच्या दातांकडेही त्यांचं लक्ष असायचं. वासराला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालचे आठ असतात, आणि भुकेलं वासरू ओढून चावलं की सडाच्या बुडाशी चिरा पडतात. वासराला दूध तोडायला काही घरांत काट्यांचं मुसकं बांधायचे. त्या काट्यांनी गाय लाथ मारते खरी, पण काटे आधी तिच्या कासेत जातात. आबा ते मुसकं स्वतःच सोडून खिशात ठेवायचे. संध्याकाळी परत द्यायचे, तेव्हा काटे काढलेले असायचे.

संशय आला की ते गाय पकडून त्या सडाची पहिली धार नदीतल्या काळ्या दगडावर सोडायचे. काळ्यावर सगळं दिसतं. चुऱ्यासारख्या बारीक गाठी, पाण्यासारखं पातळ दूध, लालसर झाक. मग सड पूर्ण रिकामा करायचे, कळपापासून लांब, आणि त्यावर माती लोटायचे. त्यांच्याकडे औषध नव्हतं. लिंबाचा पाला उकळलेलं पाणी आणि वारंवार सड रिकामा करणं, एवढंच होतं. तेवढ्यावर काही गाई सुधारायच्या, काही नाही. नाही सुधारल्या तर ते कोणाला दोष देत नसत.

पदविकेला गेलो तेव्हा हे सगळं मला गावठी वाटायला लागलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. तिथे शिकवलं जायचं ते जर्सी आणि होल्स्टीनच्या संकरित गाईंबद्दल. दिवसाला दहा-पंधरा लिटर देणाऱ्या गाई, धार काढायचं यंत्र, धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणं, आणि शेवटी गाय आटवताना औषध. १९५७ साली कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी तयार केलेली चाचणी आम्ही शिकलो. चार खणांच्या पांढऱ्या तबकात चारी सडांचं दूध घ्यायचं, त्यात जांभळट द्रावण टाकून फिरवायचं, दूध घट्ट चिकट झालं तर आत सूज आहे. एके दिवशी सरांनी पहिली धार तपासायचं भांडं दाखवलं. त्याच्या तोंडावर काळी चकती होती. मी ती बराच वेळ हातात धरून बसलो होतो. बाजूच्या मुलाने विचारलं, काय झालं? मी त्याला काही सांगितलं नाही. गुराखी दगडावर हेच करतो, हे सांगायची मला लाज वाटली.

माझी सुरुवातीची नेमणूक आमच्याच तालुक्यात झाली, आणि आबांचा पाडा माझ्या दवाखान्याच्या हद्दीत आला. एका शेतकऱ्याने वासरू आणलं. खंगलेलं, केस उभे राहिलेले, बरगड्या मोजता येतील असं. मी जंताचं औषध पाजलं, दोन इंजेक्शनं दिली, नोंद केली. काही दिवसांनी आबा दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांना त्या वासराची गोष्ट कळली होती. मी म्हणालो, आबा, वासरूच बघितलं ना मी, तुम्हीच शिकवलंय. ते हसले. म्हणाले, “तू वासरू देखं. पन वासरू कथा देखी ऱ्हायनं, ते नही देखं.” म्हणजे, वासरू कुठे बघतं आहे ते मी बघितलं नव्हतं.

मी त्यांच्याबरोबर त्या शेतकऱ्याच्या खळ्यात गेलो. गाय गोठ्यात नव्हती, बाहेर लिंबाखाली बांधली होती. वासरू तिच्या पुढ्यात उभं होतं आणि तिच्या मागच्या पायांकडे बघत होतं, पण जवळ जात नव्हतं. मी खाली बसलो. दोन सड सुजलेले, त्वचा तापलेली. जे दुखणं माझ्या शिक्षणाचा मुख्य धडा होतं, ते मी गाय न बघताच सोडलं होतं. कारण शेतकऱ्याने तक्रार वासराची आणली होती आणि त्याच्या घरी ‘धार’ नावाची गोष्टच नव्हती, म्हणून ‘कास’ हा शब्दही निघाला नव्हता.

मग मी माझ्या कामाची रीत बदलली. ज्या गावांपर्यंत दूध संघाची गाडी जाते तिथे कासेला पैसा आहे, म्हणून तिथे लोक स्वतःच कासेची तक्रार घेऊन येतात. गाडी जिथे थांबते त्याच्या पलीकडे मी वासराकडून सुरुवात करायला लागलो. खंगलेलं वासरू आलं की गाय आणा असं सांगायचं, आणि ती येऊ शकत नसेल तर आपण जायचं. गाय सावलीत, वासरू तिच्या तोंडापाशी, मागच्या पायांना सैल दोरी, आणि हाताची मागची बाजू चारी भागांवर एकामागून एक. तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला उष्णता लवकर कळते. पहिलारू गाईची कास व्यायच्या आसपास सगळीच सुजते, पोटाखालीही सूज उतरते. ती दगडी नव्हे. अंगठा दाबला की तिथे खड्डा राहतो, कास तापलेली नसते, दूध स्वच्छ असतं. काही दिवसांत ती ओसरते. तिला उगीच प्रतिजैविकं टोचणारे लोक मी पाहिले आहेत. दगडी असते तेव्हा बहुतेक वेळा एकच भाग सुजतो, गरम आणि लालसर होतो, धारेत गाठी येतात. माझ्या मोटारसायकलच्या पिशवीत शाळेच्या फुटक्या पाटीचा तुकडा असायचा. चाचणीचं तबक असायचंच, पण पाटीवरची धार शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायची, आणि मग तो औषधाला नाही म्हणत नसे.

उपचारात आबांचं आणि पुस्तकाचं भांडण कधी झालं नाही. सड रिकामा ठेवणं हे दोघांचंही पहिलं वाक्य. वासराने तो सड सोडला असेल तर माणसाने हाताने दिवसातून कितीतरी वेळा रिकामा करायचा, आणि बाकीचे तीन वासराला पिऊ द्यायचे. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलेलं प्रतिजैविक पूर्ण दिवस द्यायचं. दुसऱ्या दिवशी दूध पांढरं दिसलं म्हणून थांबवायचं नाही, नाहीतर स्टॅफिलोकॉकससारखे जंतू आत दडून बसतात आणि पुढच्या वेताला पुन्हा डोकं वर काढतात. सूज आणि वेदनेला मेलॉक्सिकॅम. डायक्लोफिनॅक २००६ सालापासून जनावरांसाठी बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात; आमच्या डोंगरात हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही, गिधाडं कमी झालेली लोकांनी पाहिली होती. पुढे राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने कोरफडीच्या लेपाचा प्रसार केला. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, वाटून, पाण्यात सैल करून कास धुतल्यावर दिवसातून आठ-दहा वेळा लावायचा. तो मी आबांना दाखवला. त्यांनी वास घेतला, चाखून बघितला आणि म्हणाले, चुना आणखी कमी कर, कातडी ओली असते. मी त्यांच्यासमोर प्रमाण कमी केलं नाही, पण जिथे सड फुटलेला असेल तिथे लेप जखमेला टाळून लावायला लागलो.

एका दुखण्यापुढे मात्र दोघांचाही इलाज चालत नव्हता. कासेचा भाग आधी तापतो आणि मग गार पडतो, निळा-काळा होतो, धारेला लाल पाणी येतं. तिथे सड वाचवायचा विचार सोडून गाय वाचवायची असते, वासरू लगेच बाजूला करायचं असतं, आणि डॉक्टरांना त्याच तासाला बोलवायचं असतं. असं दुखणं दिसलं की आबा माझ्याआधी मालकाला तयार करायचे. मला तसं कधी नीट जमलं नाही.

त्यांचं सगळ्यात मोठं देणं चिकाचं आहे. गाय व्याली की वार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, ही आमच्याकडची जुनी समजूत. पहिला चीक काढून खरवस करायचा, देवाला ठेवायचा, शेजारी वाटायचा. आबा ते मोडायचे. ज्या दिवशी गाय व्यायची त्या दिवशी ते तिच्यापाशी बसून राहायचे आणि वासराचं तोंड स्वतः सडाला लावायचे. कारण त्यांना माहीत नव्हतं, पण वेळ माहीत होती. गाईच्या गर्भात रोगप्रतिकारक द्रव्यं रक्तातून वासराकडे जात नाहीत, ती सगळी चिकातून मिळतात. वासराच्या आतड्यातून ती रक्तात उतरण्याची क्षमता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते आणि चोवीस तासांत जवळपास संपते. वीस किलोच्या वासराला पहिल्या सहा तासांत दोन लिटर चीक पोटात गेला पाहिजे. शिवाय वासरू लुचलं की गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन सुटतं, आणि त्यानेच वार पडायला मदत होते. म्हणजे वार पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवणं हे दोन्हीकडून उलटं. हे मी पुढे गावोगावच्या सभांमध्ये आकडे देऊन सांगितलं. लोकांनी माझं ऐकलं याचं कारण आकडे नव्हते. आबांनी पाजलेली वासरं त्यांनी पाहिली होती.

चिकावरूनच सडांच्या आकाराचा प्रश्न यायचा. काही गाईंचे सड वयानुसार बाटलीसारखे फुगतात, कास गुडघ्याखाली उतरते. नवजात वासराचं तोंड तिथे पुरतच नाही. ते वर, पोटापाशी शोधत राहतं, थकतं, आणि चीक कासेतच राहतो. वासरू उपाशी, आणि न प्यायलेला सड दगडी व्हायला मोकळा. अशा गाईचा सड हाताने सैल करून, निम्मं दूध काढून मग वासराला द्यावा लागतो, तोही पहिल्या दिवसांत वारंवार. आबा अंगठ्याच्या जाडीने मापायचे. सड अंगठ्याहून फार जाड असला की म्हणायचे, या गाईची कालवड घरात ठेवू नका. मला ते पटायचं नाही. गाय चांगली, बैल चांगले देते, सडाचं काय एवढं? नंतर वाचनात आलं की अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गाईही आमच्या गाईंसारख्याच मोकळ्यावर वासरू पाजतात, आणि तिथल्या बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशनने कासेची ठेवण आणि सडाचा आकार यांना एक ते नऊ गुण द्यायची पद्धत ठरवली आहे. गुण व्याल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायचे, आणि वाईट गुणाच्या गाईची संतती ठेवायची नाही, कारण सडाचा आकार आईकडून लेकीकडे उतरतो. ते वाचलं त्याच आठवड्यात मी पाड्यावर गेलो. आबांना म्हणालो, अमेरिकेतही तुमच्यासारखंच करतात. ते म्हणाले, तिथेही गुराखी असतील ना.

नंतर त्यांना मोतीबिंदू झाला. मी आणि त्यांचा मुलगा मिळून त्यांना दवाखान्यात नेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला ते तयार झाले नाहीत. माझ्याकडून त्यांना मिळालेली ही एकच मोठी मदत. बाकी धान्याचं पोतं, चपला, घोंगडी, या गोष्टींना मदत म्हणावी असं नाही. ढोरांमागे आता नातू जायचा. आबा पाड्यावर बसून असायचे, संध्याकाळी कळप परतला की वासरांच्या लुचण्याचा आवाज ऐकायचे आणि नातवाला सांगायचे, त्या कोपऱ्यातलं वासरू नुसतं ओढतं आहे, गिळत नाही.

४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावल गावात त्या वर्षीच्या लम्पीच्या साथीतलं राज्यातलं पहिलं जनावर सापडलं. त्यानंतरचे महिने आम्ही सगळे पर्यवेक्षक आणि डॉक्टर लसीमागे धावत होतो. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची, गावं वाटून घेतलेली, बाजार बंद, फोन सतत वाजत. अंगावर गाठी, ताप, पायाला सूज, हे सगळ्यांच्या नजरेत होतं. आबांचा निरोप नातवाने फोनवर दिला: आजोबा म्हणतात, ढोरांचं बघा, पण वासरं उपाशी मरताहेत. मी पाड्यावर गेलो. गाठी कासेवर आणि सडांवरही उठल्या होत्या, काही फुटल्या होत्या. गाई वासराला जवळ येऊ देत नव्हत्या, कास तटतटून दगडी होत होती, आणि वासरं गोठ्याच्या बाहेर उभी होती. फुटलेल्या गाठींतून लम्पीचा विषाणू वासराला लागू शकतो, म्हणून जबरदस्तीने पाजणंही योग्य नव्हतं. मग आम्ही पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या पाण्याने सड धुवायचे, हाताने कास रिकामी करायची, ते दूध टाकायचं, आणि वासरांना निरोगी म्हशीचं, शेळीचं उकळलेलं दूध बाटलीने पाजायचं असं सुरू केलं. माझ्या दुसऱ्या गावांतल्या सहकाऱ्यांना मी तेच कळवलं. लसीकरणाच्या तक्त्यात कासेचा रकाना नव्हता. काही वासरं वाचली, काही गेली. आबांचा निरोप आला नसता तर मी त्या महिन्यात एकाही गाईच्या कासेकडे वाकून बघितलं नसतं, असं मला वाटतं. गाठी मोजण्यात दिवस जात होता.

आबा गेले तेव्हा मी नोकरीतून मोकळा झालो होतो.

एका गोष्टीवर आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. आबांना खात्री होती की धामण रात्री गाईच्या मागच्या पायांना विळखा घालून सड पिते. गाईचं दूध अचानक आटलं, सडाला बारीक जखम दिसली, की ते म्हणायचे धामणच. मी त्यांना सांगितलं की सापाला ओठ नसतात, त्याला चोखताच येत नाही, त्याचे दात मागे वळलेले असतात, गाय असं काही सहन करणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तू रात्री गोठ्यात झोपतोस का? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, मी झोपतो.

पुढे माझ्या लक्षात आलं की हा वाद जिंकण्यात काही अर्थ नाही. धामण लागली असं म्हणत येणाऱ्या माणसाच्या गाईच्या कासेत खरंच काहीतरी झालेलं असतं. बहुतेक वेळा दगडीची सुरुवात, नाहीतर पऱ्हाटीचा ओरखडा, नाहीतर वासराच्या दाताची चीर. धामण नसते असं आधी सांगितलं तर तो माणूस नाराज होऊन जातो आणि गाय तशीच राहते. आता निवृत्तीनंतरही आबांच्या नातवाचा फोन येतो. परवा म्हणाला, काका, धामण लागली आमच्या गाईला. मी विचारलं, कुठला सड, आणि वासरू कुठल्या बाजूने पितंय? तो म्हणाला, मागला डावा, वासरू फक्त उजवीकडून पितंय, धार पाटीवर टाकून बघितली तर त्यात चुरा आहे, डॉक्टरांना फोन केला आहे, ते येताहेत. मी म्हणालो, मग सगळं केलंस की. तो म्हणाला, हो, पण धामण मी स्वतः बघितली आहे, काका.